पूर ओसरल्यानंतरची कविता

दिवाळीच्या दिवसांत पुराची आठवण काढणे पुष्कळांना अप्रशस्त वाटेल. पुढे फराळाचे ताट असताना चिखलाची गोष्ट कशाला, असे घरातील वडील मंडळी म्हणतील. परंतु आपल्या एका अत्यंत लाडक्या कवितेचा विचार करावयाचा, तर हाच काळ योग्य होय. आभाळ निवळलेले असते, वर्तमानपत्रांतून पूर नाहीसा झालेला असतो, आणि पूरग्रस्त मात्र अजून पुरातच असतो.

ती कविता म्हणजे कुसुमाग्रजांची ‘कणा’. पुराने घर धुऊन नेलेला एक तरुण आपल्या जुन्या शिक्षकांकडे येतो. शिक्षकांचा हात खिशाकडे जातो, तेव्हा तो हसून पैसा नाकारतो आणि केवळ धीराचा स्पर्श मागतो. शाळेच्या संमेलनात आणि मदतनिधीच्या सभेत ही कविता आपण इतक्यांदा ऐकली आहे की, तिचा अर्थ आता आपणास विचारावासाच वाटत नाही. पैशापेक्षा धीर मोठा, एवढे म्हणून आपण टाळ्या वाजवितो. हा अर्थ देणाराच्या फार सोयीचा आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

कविता नीट वाचली तर दिसते की, हा तरुण रिकाम्या हातांनी आलेला नाही. पत्नीला बरोबर घेऊन त्याने गाळ उपसावयास आणि भिंत उभारावयास केव्हाच आरंभ केला आहे. त्याचे शरीर धड आहे. शिक्षकांच्या दारापर्यंत चालत येण्याचे बळ त्याच्या पायांत आहे. म्हणूनच त्याला धीर पुरतो. जो अंथरुणावर पडला आहे, तो या कवितेत नाही. हा कवीचा दोष नव्हे. एवढ्याशा कवितेने एक क्षण पकडावा आणि तो कायमचा करावा, हेच तिचे यश. दोष आपल्या वाचनाचा आहे. आपण त्या एका क्षणाला साऱ्या आपत्तीचे चित्र समजून बसलो.

कवितेतल्या गंगेत नाशिककराला आपली गोदावरीच दिसते. तीच गोदावरी तेलंगणातून वळसा घेऊन गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्यापाशी, पुन्हा महाराष्ट्राच्या वेशीवर येते. चंद्रपूरकडून आलेले वर्धा-वैनगंगेचे पाणी प्राणहितेच्या नावाने तिला तेथे मिळते. समुद्र शेकडो मैल दूर. परंतु बंगालच्या उपसागरातली वादळे विरता विरता या अरण्यापर्यंत पोचतात आणि वाऱ्याऐवजी पाणी टाकून जातात. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यातली गावे अशीच पाण्यात गेली. भामरागडला पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याचा जगाशी संबंध तुटे, हे तर वर्षानुवर्षांचे.

तेथे शिक्षकांच्या घरी जावयाचे कोणी? पाणी ओसरते, विहिरीत घाण उतरलेली असते, आणि आठवड्याभरात हगवण-उलटी सुरू होते. डबक्यांत डास वाढतात; मग काही आठवड्यांनी हिवताप येतो. तो या जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेला, आणि त्याचा एक प्रकार मेंदूपर्यंत पोचतो. बिळांत पाणी शिरल्याने साप घराच्या आश्रयाला येतात. दिवस भरलेली बाई नदीच्या अलीकडे अडकते. आणि पुढल्या वर्षी पत्र्यावर पहिली सर वाजली की, धडधाकट माणसाच्याही छातीत धडधडू लागते. या दुखण्याला तर आपण दुखणे म्हणतसुद्धा नाही.

हे मरण आपण मोजतही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ या चक्रीवादळाने अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेट उद्ध्वस्त केले. सरकारी आकडा होता ६४ मृत्यूंचा. पुढे विद्यापीठातील अभ्यासकांनी वादळानंतरच्या सहा महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा तो २,९७५ झाला आणि सरकारनेही तो स्वीकारला. वीज नव्हती, रस्ते नव्हते, औषध वेळेवर मिळत नव्हते. वादळ गेल्यावर माणसे मेली.

ही मधली जागा मराठीत कोणी लिहिली आहे काय? मला येथे डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ आठवते. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकशाला सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ती कहाणी. झाडाखालच्या दवाखान्याची ही हकीगत इतक्या साध्या शब्दांत येते की, काही रसिकांना तीत शैलीच सापडत नाही. मला तोच तिचा मोठा गुण वाटतो. तेथे निसर्गाच्या रौद्र रूपाचे वर्णन करीत बसावयास लेखकाला सवड नाही. रोगी समोर आहे. उणीव एवढीच की, हे सारे डॉक्टरांच्या तोंडून आपण ऐकतो. ज्याला ताप आला त्या माडियाचा स्वतःचा आवाज अजून मराठीत यावयाचा आहे.

‘कणा’मध्ये पूरग्रस्त गुरूकडे येतो, हेमलकशाला गुरूच पूरग्रस्ताच्या दारी जाऊन राहिला. याच जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले, आणि ३९ गावांतले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, १९९९ साली ते जगापुढे आले. पूल बुडाला तरी अशी बाई गावातच असते. मीठ-साखरेचे पाणी, हिवतापाच्या गोळ्या आणि विहिरीत टाकावयाचे औषध पावसाआधीच तिच्या पिशवीत असले, तर त्या तरुणाने मागितलेला धीर तीच देऊ शकेल. मात्र ती पिशवी भरावयास पैसा लागतो, आणि तो नाकारण्याचा अधिकार पूरग्रस्ताचा आहे, आपला नव्हे.

पुढल्या पावसाळ्यात कोठे तरी ही कविता पुन्हा म्हटली जाईल. ती अवश्य म्हणावी. टाळ्या थांबल्यावर मात्र कोणी तरी उठून विचारावे, “तिसऱ्या आठवड्यात तिकडे कोण जाणार आहे?”