पाच हजारांचा कूलर, दोन हजारांची ऑफर आणि ईबेचा पेपर

सेकंडहँड वस्तूंच्या ऑनलाइन सौद्यांवर सिनॉप्सिस लिहायचा असेल तर एक पेपर टाळून चालणार नाही. बॅकस, ब्लेक, लार्सन आणि टॅडेलिस यांचा, 2020 मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला. ईबेच्या 'बेस्ट ऑफर' सोयीतल्या अडीच कोटींहून जास्त जाहिरातींवरची घासाघीस त्यांनी तपासली. पेपर चांगलाच आहे. पण त्याची मापं उचलून अमरावती-अकोल्याच्या डेटाला लावायचा मोह होतो, आणि गडबड तिथं आहे.

आधी त्यांना काय सापडलं ते बघू. साधारण एक तृतीयांश बोलणी लगेच जमतात. बाकीची लांबतात किंवा फिसकटतात. एकानं थोडं सोडलं की दुसराही थोडं सोडतो. आणि शेवटच्या दोन आकड्यांच्या बरोबर मधला आकडा लोकांना आवडतो, सांगायलाही आणि मान्य करायलाही. हे प्रचलित सिद्धांतांत बसत नाही, असं लेखक सरळ सांगतात. पेपरमधली ही जागा मला सगळ्यात आवडते.

आता समजा तुमच्या कूलरची जाहिरात 5000 ची आहे आणि समोरून 2000 आले. मधला आकडा 3500. घाईत तुम्ही 4500 म्हटलं की मधला आकडा 3250 वर येतो. म्हणजे खालून सुरुवात करणाऱ्याला आपली ही सवयच पावते. इथपर्यंत पेपर आपल्या कामाचा आहे.

पण ईबेवर ऑफर म्हणजे काय, ते बघा. त्यांच्या डेटाच्या काळात दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीनच ऑफर होत्या, प्रत्येकीची मुदत 48 तास होती, आणि विकणाऱ्यानं होकार दिला की घेणारा बांधला जायचा. या ओळी आपण वाचताना ओलांडून जातो. शीर्षकात 'इन द फील्ड' आहे खरं, पण हे मैदान कंपनीनं चुन्यानं आखून दिलेलं आहे. आपल्याकडे ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर "लास्ट किती लावसान भाऊ? दोन हजारात देता काय?" असं विचारणारा कशालाच बांधील नसतो. तो ऑफर देत नाही, चौकशी करतो. दहा जणांना विचारून कूलरचा भाव काढतो. तुमच्या एक्सेलमध्ये मात्र तिथं 'ऑफर: 2000' अशी नोंद होते. व्हेरिएबलचं नाव तेच राहतं, आतला माल बदलतो.

वऱ्हाडाला हा फरक नवा नाही. कारंज्याच्या कापूस बाजाराचं नियमन 1886 चं, आणि वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा 1897 चा. देशातले अशा प्रकारचे हे पहिलेच. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत नको, बोली उघड हवी, असा आग्रह पुढे धरला गेला, कारण कुणी किती बोललं हे शेतकऱ्याला कळायलाच मार्ग नव्हता. चॅटची खिडकी म्हणजे परत तोच रुमाल.

दुसरी अडचण मोठी आहे. ईबेची वस्तू बहुतेक वेळा पार्सलनं जाते. कूलर जात नाही. तो बघायला माणूस घरी येतो आणि खरी घासाघीस दारात होते, जिची नोंद कुठल्याच सर्व्हरवर नसते. चॅटवर 4000 ठरलेले असतात. दारात टाकीचा गंज दिसतो, वाळ्याच्या ताट्या काळ्या पडलेल्या दिसतात, आणि "आता आलोच आहे तर तीन करा" सुरू होतं. यात विकणारा अडकलाय असं आपण धरून चालतो. पण तो बडनेऱ्याहून छोटा हत्ती भाड्यानं घेऊन आला असेल तर? रिकामा परत गेला तरी भाडं द्यावंच लागणार. अडकलेला तोही आहे. पर्याय जितका चांगला तितका सौदा चांगला, हा त्यांचाच निष्कर्ष. पण इथं तो पर्याय चॅट आणि दार यांच्यामध्ये बदलतो, आणि त्यांच्या डेटात दारच नाही.

म्हणून पडेल ऑफरला मी आकड्यानं उत्तर देऊ नका म्हणेन. रागानंही नको. अ‍ॅकरलॉफनं 1970 मध्ये जुन्या गाड्यांबद्दल लिहिलं तेच इथं लागू पडतं: आतलं न दिसणारा माणूस वाईटच धरून भाव करतो. पंप चालू असलेला व्हिडिओ टाका, टाकीचा तळ दाखवा, आणि विचारा, "बघायला कधी येता?" चौकशीवाले बहुतेक इथंच गळतात.

संशोधनासाठीही हाच प्रश्न चाळणी म्हणून वापरता येईल. वेळ ठरवून आलेल्याचाच आकडा ऑफर म्हणून धरा, दारातला आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. नमुना मार्च आणि जुलै दोन्हींचा हवा. अकोल्याच्या उन्हात मार्चमध्ये कूलरला दुसरं गिऱ्हाईक सहज मिळतं. जुलैत दुसरं गिऱ्हाईक म्हणजे भंगारवाला, आणि तो किलोवर घेतो.