पदवी, पुरावा आणि परका : निर्वासितांच्या उच्च शिक्षणविषयक तरतुदींची चिकित्सा

प्रस्तावना

निर्वासितांच्या शिक्षणाचा विचार बहुधा प्राथमिक शाळेपाशी येऊन थांबतो. छावणीतील मुलाच्या हाती पाटी देणे हे करुणेचे कार्य मानले जाते. परंतु त्याच छावणीतील वीस वर्षांच्या तरुणाला महाविद्यालयात प्रवेश देणे ही मात्र सवलत ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील निर्वासित तरुणांपैकी केवळ १ टक्का उच्च शिक्षण घेत होते. २०२४ च्या अहवालात हे प्रमाण ७ टक्के नोंदले गेले. २०३० पर्यंत ते १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये निश्चित करण्यात आले आहे. ही वाढ स्वागतार्ह असली, तरी प्रवेशाच्या वाटेवरील अडथळ्यांचे स्वरूप आकड्यांतून उलगडत नाही. त्यासाठी मूळ तरतुदींच्या शब्दयोजनेकडे वळणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या शब्दयोजनेची आणि तिच्या व्यावहारिक परिणामांची चिकित्सा केली आहे.

गुणवत्तेकडून वर्गवारीकडे

१९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील कलम २६ ने उच्च शिक्षण गुणवत्तेच्या आधारे सर्वांना समान रीतीने खुले असावे, असे म्हटले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९५१ मध्ये जिनिव्हा येथे निर्वासितविषयक करार झाला. त्याच्या कलम २२ मध्ये दोन भाग आहेत. प्राथमिक शिक्षणाबाबत निर्वासिताला स्वदेशी नागरिकासारखीच वागणूक द्यावी, असे पहिला भाग स्पष्टपणे सांगतो. त्यापुढील शिक्षणाबाबत मात्र दुसऱ्या भागाची भाषा बदलते. तेथे शक्य तितकी अनुकूल, आणि कोणत्याही परिस्थितीत सर्वसाधारण परदेशी व्यक्तीपेक्षा कमी अनुकूल नसलेली, वागणूक अपेक्षिली आहे. परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, शुल्कमाफी व शिष्यवृत्ती यांचा उल्लेख याच भागात येतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, ‘शक्य तितकी’ या शब्दांनी काय शक्य आहे हे ठरविण्याचा अधिकार यजमान राष्ट्राकडेच राहतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुलनेसाठी निवडलेला ‘सर्वसाधारण परदेशी’ हा विद्यापीठाच्या दृष्टीने पारपत्र, व्हिसा, मूळ गुणपत्रिका आणि शुल्काची रक्कम घेऊन येणारा विद्यार्थी असतो. निर्वासिताजवळ नेमके हेच नसते. ज्याच्याशी त्याचे साम्य नाही त्याच्याशी बरोबरी देऊन कराराने त्याला समतेच्या नावाने विषमतेत उभे केले. गुणवत्तेचा निकष मागे पडून वर्गवारीचा निकष पुढे आला, तो येथेच.

शुल्काचा उंबरठा

इंग्लंडमधील व्यवस्था या संदर्भात बोलकी आहे. तेथे निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या व्यक्तीस विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क लागू होते. शासकीय विद्यार्थी कर्जाचा लाभही मिळतो. मात्र ज्याच्या अर्जावर निर्णय व्हावयाचा आहे, त्या आश्रयार्थीला सामान्यतः आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचे शुल्क आकारले जाते आणि असे कर्ज मिळत नाही. प्रौढांच्या पुढील शिक्षणासाठीचा शासकीय निधीदेखील निर्णयाविना सहा महिने लोटल्यानंतरच त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. काही विद्यापीठांनी स्वतःच्या शिष्यवृत्त्यांद्वारे ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु मोजक्या जागांच्या शिष्यवृत्तीने नियमातील दोष दूर होत नाही. विलंब शासनाच्या निर्णयप्रक्रियेत होतो आणि त्याची किंमत विद्यार्थ्याच्या आयुष्यातील वर्षांनी चुकविली जाते, हा या व्यवस्थेतील मूलभूत अन्याय होय.

जर्मन शासनाच्या साहाय्याने १९९२ पासून चालणारी, अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावाची शिष्यवृत्ती योजनाही याच मर्यादेत पाहावी लागते. तिने निर्वासित तरुणांना पदवीपर्यंत नेले, हे निर्विवाद आहे. तथापि शिष्यवृत्ती ही निवड असते, हक्क नव्हे.

पुराव्याचा उंबरठा

दुसरा अडथळा कागदपत्रांचा. जळालेल्या घरातून गुणपत्रिका आणता येत नाही, आणि ज्या शासनाच्या छळापासून पलायन केले त्याच्याच कार्यालयात दुय्यम प्रत मागता येत नाही. या प्रश्नाला जर्मनीतील राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये दिलेले उत्तर अभ्यसनीय आहे. विद्यार्थ्याची वैयक्तिक स्थिती तपासणे, त्याच्या शैक्षणिक वाटचालीची सुसंगती पडताळणे आणि परीक्षा वा तत्सम मार्गाने त्याची पात्रता जोखणे, अशी त्रिस्तरीय पद्धती तिने स्वीकारली. युरोप परिषदेने २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रतादर्शक दस्तऐवजाचा उपक्रम राबविला. त्यात उपलब्ध कागदपत्रे आणि सविस्तर मुलाखत यांच्या आधारे मूल्यमापन होते. या दस्तऐवजाने प्रवेशाची हमी मिळत नाही, ही त्याची मर्यादा होय. तरीही कागद नसणे म्हणजे ज्ञान नसणे नव्हे, हे तत्त्व या दोन्ही उपक्रमांनी मान्य केले.

भारतीय संदर्भ

भारताने १९५१ च्या करारावर वा १९६७ च्या पूरक मसुद्यावर स्वाक्षरी केलेली नाही. निर्वासितांविषयी स्वतंत्र कायदाही देशात नाही. परिणामी प्रत्येक समूहाचे शैक्षणिक भवितव्य स्वतंत्र शासकीय निर्णयांवर अवलंबून राहिले. तिबेटी मुलांसाठी १९६१ मध्ये केंद्रीय पातळीवर शाळांची व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. श्रीलंकन तमिळांसाठी तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या सुमारे ३१७ कोटी रुपयांच्या योजनेत विद्यार्थ्यांच्या साहाय्याचा समावेश होता. अशा स्वतंत्र व्यवस्थेबाहेरील आश्रयार्थी मात्र महाविद्यालयाच्या खिडकीपाशी केवळ ‘परदेशी’ ठरतो.

पुण्याला हा प्रश्न अपरिचित नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील सत्तांतरानंतर देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे पूर्वीचे व्हिसा रद्द झाले. त्यामुळे सुटीत मायदेशी गेलेले, पुण्यात व अन्यत्र नाव नोंदविलेले अनेक विद्यार्थी अडकून पडले. जे येथे होते, त्यांच्यापुढे शिक्षण संपल्यावर जावे कोठे हा प्रश्न उभा राहिला. कालचा परदेशी विद्यार्थी आज आश्रयार्थी होऊ शकतो. प्रवेशनियमांना मात्र या स्थित्यंतराची दखल नसते.

याउलट फाळणीनंतरचा अनुभव विद्यापीठांनी विसरू नये असा आहे. पूर्व पंजाबच्या विद्यापीठाने निर्वासितांच्या छावण्यांत सेवा केलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेतून सूट दिली. दिल्लीत विस्थापितांसाठी सायंकाळचे कॅम्प कॉलेज चालविले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातील विस्थापित अध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज स्थापन केले. हे विस्थापित नागरिक म्हणून स्वीकारले गेले होते, हा भेद महत्त्वाचा आहेच. परंतु विद्यापीठाचे नियम माणसाच्या विपत्तीप्रमाणे वाकविता येतात, हे याच भूमीत सिद्ध झाले, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

नागरिकत्व वा आश्रय देणे हा शासनाचा अधिकार आहे. तो महाविद्यालयाचा नव्हे. तथापि तात्पुरता प्रवेश, कागदपत्रांअभावी पात्रता-परीक्षा, शुल्काच्या रचनेत आश्रयार्थींसाठी वेगळा वर्ग आणि खंडित शिक्षणाच्या श्रेयांकांची नोंद या बाबी विद्वत् परिषदांच्या विचारकक्षेत येतात. त्या हाती घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम २२ मधील ‘शक्य तितकी’ ही संदिग्धता आजवर टाळाटाळीसाठी वापरली गेली. काय शक्य आहे हे अध्यापकवर्गानेच प्रत्यक्ष दाखवून दिले, तर त्याच शब्दांतून निर्वासिताच्या बाजूचा अर्थ निष्पन्न होऊ शकेल.