मूत्रपिंडातील व्रण : एका गाजलेल्या प्रयोगाची उलटतपासणी

कापलेली त्वचा भरून येते आणि मागे व्रण राहतो. त्वचेवर त्याने फारसे बिघडत नाही. मूत्रपिंडात मात्र व्रण झालेला भाग रक्त गाळण्याच्या कामातून बाद होतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात आणि जन्मानंतर त्यांत नवी भर पडत नाही. म्हणून हा व्रण कसा होतो, हे कळणे महत्त्वाचे.

याचे एक गाजलेले उत्तर वेन बॉर्डर, एर्की रुओस्लाहती व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. त्यांनी उंदरांच्या मूत्रपिंडातील केशिकागुच्छांना इजा केली. तेथे टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाचे प्रमाण वाढले आणि पेशींभोवतीचे प्रथिनांचे जाळे दाट होऊ लागले. इजा करतानाच या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे टोचली, तेव्हा ही वाढ बरीच रोखली गेली.

या प्रयोगाचे बळ कशात आहे? दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या, एवढ्यावर तो थांबत नाही. एक अडवली तर दुसरीचे काय होते, हे तो तपासतो. कार्यकारणभाव शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पण त्यावरून 'व्रणाचा खलनायक सापडला' असे जे चित्र रंगवले गेले, ते तपासून घ्यायला हवे. उंदरांतील इजा एकदाच केलेली होती आणि अशी इजा बहुधा आपोआप भरून येते. मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाला मात्र वर्षानुवर्षे इजा होत राहते. उंदरांना प्रतिपिंडे सुरुवातीलाच मिळाली. रुग्ण येतो तेव्हा व्रण बराचसा झालेला असतो. शिवाय हा वृद्धिघटक दाह आटोक्यातही ठेवतो. टीजीएफ-बीटा-१ चे जनुक नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच अनेक अवयवांच्या दाहाने मरतात, असे १९९२ मध्ये दिसून आले. अशा घटकाला खलनायक कसे म्हणावे?

पुढे मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या चारशेहून अधिक रुग्णांवर याच घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडाची चाचणी झाली. नेहमीच्या औषधांना त्याची जोड देऊनही ऱ्हास मंदावला नाही; चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग १९९० चा प्रयोग चुकला का? नाही. त्याने साखळीतील एक खरी कडी दाखवली. या रुग्णांना आधीपासून चालू असलेली औषधे अँजिओटेन्सिनला अडवणारी होती. अँजिओटेन्सिन रक्तदाब वाढवते आणि पेशींना टीजीएफ-बीटा बनवायलाही लावते. म्हणजे तीच कडी काही अंशी अगोदरच सैल केलेली होती.

वर्गात हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी मांडावेत आणि विचारावे : उंदरांत जमले ते माणसांत का जमले नाही? इजेचा काळ, औषधाची वेळ आणि घटकाची इतर कामे हे तीन मुद्दे मुलांना स्वतः शोधू द्यावेत.