छत्र, पदचिन्हे आणि मूक हात

प्रारंभीच्या बौद्ध कलेत तथागतांची मूर्ती नाही. बोधिवृक्ष, रिक्त आसन, चक्र, पदचिन्हे आहेत. फ्रेंच पंडित अल्फ्रेड फूशे यांना बुद्धाविना रचलेले हे बुद्धचरित्र एक कोडे वाटले. 1990 मध्ये सुसान हंटिंग्टन यांनी असे प्रतिपादन केले की, यांतील अनेक शिल्पपट चरित्रप्रसंग नसून नंतरच्या उपासकांनी पवित्र स्थळी केलेल्या वंदनेची दृश्ये आहेत. हे मत विचारार्ह आहे. त्यामुळे शिल्पातील सामान्य उपासकास त्याचे स्थान परत मिळते. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा सारा वाद मूर्तीच्या अभावाभोवती फिरतो. ज्यास अक्षरओळख नव्हती, तो उपासक हे पट कसे वाचीत असेल?

सांचीच्या पूर्व तोरणावरील महाभिनिष्क्रमणाचा पट पाहावा. नगरद्वारातून कंथक बाहेर पडतो. पाठ रिकामी, पण वर छत्र धरलेले. तोच घोडा पुनःपुन्हा येतो आणि छत्र त्याच्यासोबत चालते. पटाच्या शेवटी ते छत्र घोड्यावरून सरून पदचिन्हांवर येते. परतणाऱ्या घोड्यावर छत्र नाही. सिद्धार्थ उतरला, परतला नाही, हे संपूर्ण वाक्य एका छत्राच्या स्थलांतराने सांगितले गेले. येथे हंटिंग्टन यांची उपपत्ती लावणे आम्हास ओढाताणीचे वाटते. हे कथन आहे, आणि त्यास व्याकरण आहे.

आपल्या मराठवाड्यातच, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, हीच भाषा रंगांत आहे. (या लेण्यास ‘हीनयान’ म्हणण्याची रूढी आम्हास मान्य नाही, तो प्रतिपक्षाने दिलेला शब्द आहे.) डाव्या भिंतीवर राजा परिवारासह बोधिवृक्षासमोर आला आहे. उजव्या भिंतीवर छद्दन्त जातक : सूडाने मागविलेले सुळे समोर येताच राणी मूर्च्छित होते. पश्चात्तापास शब्द नाही, कोसळणारे शरीर आहे.

पुढे मूर्ती आली, तरी जुनी भाषा पुसली गेली नाही. पहिल्या लेण्यातील बुद्ध धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत आहेत आणि त्यांच्या आसनाखाली चक्र व हरणे कोरलेली आहेत. पूर्वी जे चक्र एकटे सांगत होते, ते आता हात सांगतात; चक्र साक्षीला उरले आहे. सारनाथचे प्रथम प्रवचन दोनदा, दोन पिढ्यांच्या लिपीत लिहिले गेले.

आणि आम्ही? नायगाव परिसरातील विहारांत मूर्ती आणताना उंची विचारली जाते, किंमत विचारली जाते. हात कोणी विचारीत नाही. भूमिस्पर्श मुद्रा ही माराच्या आव्हानास दिलेले उत्तर आहे, पृथ्वीला साक्षीस बोलावणे आहे. पौर्णिमेस नेमका तोच हात हारांखाली झाकला जातो. मूर्ती पाहिली जाते, वाचली जात नाही.

वाचण्याची शक्ती आमच्यात नव्हती असे मात्र नव्हे. बाबासाहेबांच्या पुतळ्याचा उंचावलेला उजवा हात, रोखलेले बोट, डाव्या हातातील ग्रंथ यांचा अर्थ आमच्या निरक्षर आज्यांनी कोणत्याही पंडिताविना लावला. ‘‘बाबा शाळंकडं बोट दाखवायलेत,’’ असे त्या सांगत. पुतळ्याचे बोट प्रत्यक्षात आठवडी बाजाराच्या दिशेने होते. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.