34 राज्यांची चावी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "अमेरिकेतली राज्यं एकत्र येऊन केंद्राचे पंख कापू शकतात, हे खरं का?" कागदावर खरं आहे. आज त्या कागदाबद्दलच बोलायचंय.

अमेरिकी घटनेचं कलम 5. घटनादुरुस्ती सुचवण्याचे तिथे दोन रस्ते आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो: तिथली काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवते. आजवरच्या 27 च्या 27 दुरुस्त्या याच रस्त्याने आल्या. दुसरा रस्ता असा, की दोन तृतीयांश राज्यांच्या, म्हणजे आजच्या हिशोबाने 34 राज्यांच्या, विधिमंडळांनी मागणी केली, तर काँग्रेसने घटना परिषद बोलवायची. या रस्त्यावरून आजवर कोणी गेलेलं नाही. शेवटी दोन्हीकडे 38 राज्यांची मंजुरी लागतेच.

हा दुसरा रस्ता आला कुठून? 15 सप्टेंबर 1787, फिलाडेल्फिया. सह्या व्हायला दोन दिवस उरलेले. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले, केंद्रच जुलमी झालं तर ते स्वतःला आवरणारी दुरुस्ती कशाला सुचवेल? मुद्दा बिनतोड होता, तो घटनेत आला. मेसननी तरीही सही केली नाही, ते वेगळं.

2013 पासून तिथे 'कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स' नावाची मोहीम चालू आहे. तिचा एक छापील ठराव आहे, राज्याराज्यांत तोच मजकूर मंजूर करून घ्यायचा. 2022 पर्यंत 19 राज्यांनी तो केला. त्यात तीन मागण्या आहेत: केंद्राच्या खर्चाला लगाम, केंद्राची सत्ता आणि अधिकारक्षेत्र यांवर मर्यादा, आणि पदाधिकारी व काँग्रेस सदस्यांच्या कार्यकाळावर मर्यादा.

पहिली आणि तिसरी मागणी समजते. 2024 च्या अखेरीस केंद्राचं कर्ज 36 लाख कोटी डॉलरच्या वर गेलं होतं, तेव्हा लगाम मागणारा माणूस वेडा नाही. पण मधली मागणी बघा. तीन साध्या कलमांत ती अशी काही बसवलीय की वाचणारा सहज पुढे जातो. आणि सगळा दारूगोळा तिच्यातच आहे.

का, ते दोन खटल्यांवरून सांगतो. ओहायोचा एक शेतकरी, रॉस्को फिलबर्न. केंद्राने त्याला गव्हासाठी साधारण 11 एकर ठरवून दिले होते, त्याने पेरले 23. जास्तीचा गहू मुख्यतः स्वतःच्या शेतावर, गुराकोंबड्यांनाच लागणार होता. 1942 मध्ये सर्वोच्च न्यायालय एकमताने म्हणालं, तरीही दंड बरोबर, कारण असे सगळेच शेतकरी वागले तर आंतरराज्य व्यापारावर परिणाम होतो. आता, घरच्या कोंबड्यांचा दाणा म्हणजे आंतरराज्य व्यापार? ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. मोहिमेच्या रागाची मुळं इथे आहेत आणि तो राग मला खोटा वाटत नाही.

पण पुढे चला, 1964. अटलांटातलं एक मोटेल काळ्या प्रवाशांना खोली देत नव्हतं. नव्या नागरी हक्क कायद्याने ते बेकायदा ठरवलं होतं. न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, आणि कशाच्या आधारावर? त्याच आंतरराज्य व्यापाराच्या. म्हणजे गव्हाचं शेत आणि मोटेलचं दार एकाच खुंटीला टांगलेलं आहे. 'अधिकारक्षेत्र मर्यादित करा' म्हणताना ती खुंटी उपटायची की कापायची, कुठे कापायची, याबद्दल ठराव एक शब्द बोलत नाही. माझा खरा आक्षेप हा आहे.

विरोधक मात्र दुसरंच ओरडतात: परिषद उधळेल, सगळी घटनाच बदलून टाकेल! 1787 च्या परिषदेला जुना करारनामा नुसता सुधारायला सांगितलं होतं, तिने नवी घटना लिहिली, आणि तेराही राज्यांच्या संमतीचा नियम सोडून नऊंवर भागवलं. दाखला खरा आहे. गंमत म्हणजे ही भीती अगदी उजव्या जॉन बर्च सोसायटीलाही आहे आणि डावीकडच्या कॉमन कॉजलाही. पण 38 राज्यांची मंजुरी हा मोठा उंबरठा आहे, त्यामुळे मला ही भीती थोडी फुगवलेली वाटते.

मला जास्त काळजी मतमोजणीची वाटते. प्रतिनिधी कोण निवडणार, मतं कशी मोजणार, कलम 5 गप्प आहे. मोहीम म्हणते, एक राज्य एक मत. 2016 मध्ये त्यांनी विल्यम्सबर्गला सरावाची परिषद भरवली. तिथे संमत झालेल्या मसुद्यांत एक होता: तीन पंचमांश राज्यांनी, म्हणजे 30 राज्यांनी ठरवलं तर केंद्राचा कायदा रद्द. मी 2020 च्या जनगणनेवरून बेरीज केली. सर्वांत लहान 30 राज्यांत देशाची जेमतेम पाव लोकसंख्या राहते. व्हरमाँट आणि मिसिसिपी एका बाजूला मत देतील असं नाही, हे मान्य. पण नियम आकड्यांवर चालतो, आणि कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटी माणसांचं वजन वायोमिंगच्या पावणेसहा लाखांइतकंच ठरतं.

आपल्याकडे हा रस्ताच नाही, बरं का. अनुच्छेद 368 प्रमाणे घटनादुरुस्तीचं विधेयक संसदेतच मांडावं लागतं. काही विषयांत निम्म्या राज्यांचं अनुमोदन लागतं, जीएसटीच्या वेळी 2016 मध्ये घेतलं तसं, पण सुरुवात करण्याचा हक्क राज्यांना नाही. म्हणून मेसनचा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. चावी असावी, याच मताचा मी आहे. ती कोणत्या कुलपाची आहे, ते मात्र मागणाऱ्याने लिहून द्यावं.

कारण चावी एकट्याची नसते. 2014 मध्ये व्हरमाँटने निवडणुकीतल्या पैशाविरुद्ध परिषद मागितली, 2023 मध्ये कॅलिफोर्नियाने बंदुकांवर निर्बंधांसाठी. त्यांनी निदान विषय तरी सांगितला. आणि परिषद न भरताही ही चावी एकदा कामी आली होती: सिनेटर थेट लोकांनी निवडावेत म्हणून राज्यांचे अर्ज साचत गेले आणि सिनेट नमली, 1913 ची सतरावी दुरुस्ती झाली. ती गोष्ट पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ.