ध्वनीचे अंतर आणि आभासी नळदुर्ग : एक चिकित्सा

आभासी वातावरणात ध्वनी किती दुरून येतो याचा अंदाज श्रोता कसा बांधतो, या विषयात पाव्हेल झाहोरिक यांचा २००२ मधील शोधनिबंध महत्त्वाचा मानला जातो. एका सभागृहाच्या ध्वनिगुणधर्मांचे मापन करून श्रोत्यांना हेडफोनमधून सुमारे १४ मीटरपर्यंतची अंतरे ऐकविण्यात आली. दूरचा ध्वनी प्रत्यक्षापेक्षा बराच जवळ, तर अगदी निकटचा किंचित दूर भासला. ध्वनीची तीव्रता आणि थेट व परावर्तित ध्वनींचे परस्परप्रमाण या दोन खुणांना श्रोता ठरावीक महत्त्व देत नाही. ध्वनी बोलण्याचा की नुसत्या खरखरीचा, समोरून येणारा की बाजूने, यानुसार ते बदलते, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे.

तथापि या मांडणीची मर्यादा नळदुर्गात ठळक होते. प्रयोगातील ध्वनी जवळजवळ एका बिंदूतून निघतो. मोकळ्या जागेत अशा ध्वनीचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या पाणीमहालात भर पावसाळ्यात समोर पाण्याचा पडदा असतो. हा ध्वनी बिंदूचा नव्हे, रुंद पृष्ठभागाचा. अशा स्रोताजवळ चार पावले मागे सरले तरी पातळी फारशी उतरत नाही. शिवाय टाळी वाजून थांबते, प्रपात थांबत नाही. त्यामुळे मागे रेंगाळणारा निनाद वेगळा ऐकू येत नाही. दोन्ही खुणा एकदमच क्षीण होतात. तेथे अंतर कळते ते बहुधा सोबत्याची हाक पाण्यात किती बुडते यावरून, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

किल्ल्यांच्या आभासी दर्शनात दगडन्‌दगड मोजायचा आणि ध्वनी मात्र बासरीच्या पार्श्वसंगीतावर सोडायचा, ही प्रवृत्ती म्हणूनच खटकते. ‘नर’ व ‘मादी’ या प्रपातांच्या जागी संगणकात एकेक बिंदुस्रोत ठेवला, तर प्रेक्षक दोन पावले सरकताच पाणी खोटेपणाने ओसरेल. स्रोत बंधाऱ्याच्या रुंदीभर पसरावे लागतील, आणि त्यांच्या पडताळणीसाठी महालाच्या आत, बंधाऱ्यावर व पलीकडे रणमंडळावर प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करावे लागेल. ते पाणी कोसळत असतानाच शक्य आहे. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, आणि या जिल्ह्यात अशी वर्षे थोडी नाहीत, ती संधी येतच नाही.