महिन्याचे चौदा युरो आणि शरद नेरुळकर

डिसेंबरच्या शेवटी आमच्या घरी एक ठरलेला कार्यक्रम असतो. चहाचे दोन मोठे मग, बँकेचं स्टेटमेंट आणि नवऱ्याचा लॅपटॉप. वर्षभरात पैसे कुठे गेले ते बघायचं आणि जे उगाच चालू आहे ते बंद करायचं. यंदा स्ट्रीमिंगच्या तीन वर्गण्या निघाल्या. त्यातली एक तर अशी, की ती दुसऱ्याने घेतली आहे असं आम्ही दोघंही वर्षभर समजत होतो.

आता आपण पडलो संशोधक, त्यामुळे तक्ता आलाच. महिन्याचे पैसे भागिले पाहिलेले तास. हा हिशेब तुम्हीही कधीतरी केला असेल. जर्मनीत नेटफ्लिक्स सप्टेंबर २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याचा मधला प्लॅन ८.९९ युरोंना होता. एप्रिल २०२४ मध्ये तोच १३.९९ झाला. एका महिन्यात कपड्यांच्या घड्या घालता घालता आम्ही एक गुन्हेगारी मालिका संपवली, साधारण तीस तास. म्हणजे तासाला ४७ सेंट. दुसऱ्या एका महिन्यात पेपरची डेडलाइन होती, एकच सिनेमा पाहून झाला, तोही १२७ मिनिटांचा. तासाला ६ युरो ६० सेंट. तक्त्यात सगळ्यात महाग, म्हणजेच सगळ्यात ‘वाया’ गेलेली गोष्ट हीच.

तो सिनेमा होता चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’. आणि त्या गुन्हेगारी मालिकेतला खुनी कोण होता, हे आम्हाला दोघांनाही आठवेना.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवला. तासांचा हिशेब चुकीचा होता असं नाही. पण पडदा किती वेळ उजळलेला होता एवढंच त्यातून कळतं, आणि वर्गणी चालू ठेवायची की नाही हे काही तेवढ्यावरून ठरत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, कारण ती बंद करताच येत नाही. रुंडफुंकबायट्राग. ॲनमेल्डुंग केलं की काही आठवड्यांत पत्र येतंच, आणि नव्याने आलेला प्रत्येक जण तेच विचारतो, ‘माझ्याकडे टीव्हीच नाहीये, मग कशाला भरू?’ पण २०१३ पासून ही रक्कम टीव्हीवर नाही, घरावर आहे. महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे ५५.०८, वर्षाचे २२० च्या वर. १७.५० वरून १८.३६ करायला २०२० मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट राज्याने अडवलं, तेव्हा प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ लागू केली. म्हणजे इथे सार्वजनिक प्रसारण हा मनोरंजनाचा प्रश्न मानला जात नाही, तो राज्यघटनेचा प्रश्न मानला जातो. बाफ्योग मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना अर्ज करून सूट मिळते. आपल्यासारख्या पोस्टडॉकना नाही.

मी पहिली दोन वर्षं हे पैसे कुरकुरत भरले आणि बदल्यात काहीही पाहिलं नाही. हा शुद्ध बावळटपणा होता. एआरडी, झेडडीएफ आणि आर्टे या तिघांच्या मेडियाटेकमध्ये भरपूर माहितीपट आहेत, चांगले सिनेमे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी जर्मन सबटायटल्स आहेत. १९७० पासून चालू असलेली ‘टाटओर्ट’ सबटायटल्ससह पाहा. बी-टूच्या क्लासमध्ये जी वाक्यं कधीच ऐकायला मिळत नाहीत, ती तिथे मिळतात. सिनेमे मात्र मर्यादित काळच राहतात, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हटलं की गेले. दुसरी सोय आहे ग्रंथालयाचं कार्ड. बर्लिनच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून २०१७ मध्ये ‘फिल्मफ्रेंड’ सुरू झालं आणि आता कितीतरी शहरांत ग्रंथालयाच्या सभासदांना ते वेगळे पैसे न देता मिळतं. तुमच्या ग्रंथालयात आहे का, एकदा विचारून घ्या.

तर मग पैसे देऊन वेगळं असं आपण काय घेतो? माझ्या घरापुरतं उत्तर होतं, मराठी. आणि इथेच ‘द डिसायपल’ मध्ये येतो.

सिनेमा २०२० च्या सप्टेंबरात व्हेनिसला मुख्य स्पर्धेत होता. २००१ च्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर तिथे पोचलेला तो पहिला भारतीय सिनेमा. उत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर लागला. एक मराठी सिनेमा, शास्त्रीय संगीतावरचा, लांबलांब स्थिर दृश्यांचा, आणि तो लायप्झिगमधल्या माझ्या स्वयंपाकघरात मुंबईइतक्याच सहज लागतो. ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या कोणालाही अशक्य वाटली असती. स्ट्रीमिंगला नावं ठेवण्याआधी एवढं कबूल करायला हवं.

गोष्ट शरद नेरुळकरची. तरुणपणापासून त्याला ख्यालगायक व्हायचंय. गुरुजींकडे शिकतो, त्यांची सेवा करतो, पोटासाठी जुनी दुर्मिळ ध्वनिमुद्रणं विकणाऱ्याकडे नोकरी करतो. रात्री मोटरसायकलवरून रिकाम्या मुंबईत फिरताना कानात माईंची भाषणं. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू, ज्यांनी स्वतःचं गाणं कधी रेकॉर्ड होऊ दिलं नाही. उरलीत ती त्यांची बोलणी, साधनेबद्दलची, निर्मोही राहण्याबद्दलची. शरद मेहनत करतो, वर्षं जातात, आणि हळूहळू त्याला (आणि आपल्याला) कळत जातं की गाणं काही त्याच्या गळ्यात उतरत नाहीये.

आदित्य मोडक आणि अरुण द्रविड, म्हणजे शिष्य आणि गुरुजी, हे दोघंही खरोखरचे गायक. त्यामुळे ‘थोडंसं कमी पडलेलं गाणं’ म्हणजे काय, हे सिनेमा शब्दांत सांगत बसत नाही, गाऊन दाखवतो. संगीतावरच्या सिनेमांत हे फार दुर्मिळ आहे. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. सिनेमा लोकांपर्यंत पोचायच्या अकराच दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ ला, त्या गेल्या. हे माहीत असेल तर ते रात्रीचे प्रसंग ऐकणं सोपं जात नाही.

सिनेमात कमतरता नाहीत असं नाही. शरदच्या आयुष्यातल्या बायका कडेकडेनेच येतात. आई फोनवर आणि तक्रारीपुरती. रिॲलिटी शोमधल्या मुलीचा साध्या गाण्यापासून चकचकाटापर्यंतचा प्रवास फारच सरळसोट आखलाय, तिला स्वतःचं काही म्हणणं असेल याची शंकासुद्धा सिनेमाला येत नाही. आपण शरदच्या नजरेतून बघतोय म्हणून असं आहे, हा बचाव मला अर्धाच पटतो.

पण सिनेमाचा कणा भक्कम आहे, आणि तो पोस्टडॉक करणाऱ्याला जरा जास्तच टोचतो. शरदकडे ‘शुद्धता’ नावाचं एक माप आहे. त्या मापाने तो टीव्ही मोजतो, दुसऱ्यांचं गाणं मोजतो, आईला मोजतो. एक जाणकार संग्राहक जेव्हा माई आणि गुरुजींबद्दल भलतंच काही सांगतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. कारण माप मोडलं तर त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. आपल्यातही असे लोक आहेत आणि, खरं सांगायचं तर, मी त्यातलीच एक आहे.

कारण त्या डिसेंबरच्या यादीतली तिसरी वर्गणी होती मराठी मालिकांची. ती मी आई इथे आली होती तेव्हा घेतली होती. तीन महिने, व्हिझिटर व्हिसा, बाहेर अंधार आणि बोलायला कोणी नाही. भारतात साडेसात वाजता लागणारी मालिका इथे हिवाळ्यात दुपारी तीनला. आई तीनला पाच मिनिटं कमी असतानाच चहा घेऊन बसायची. मी घरून काम करत असले की शेजारच्या खोलीतून पार्श्वसंगीत ऐकू यायचं आणि मी दार लावून घ्यायचे. एकदा म्हणालेही, ‘अगं आई, तेच तेच काय बघतेस? चांगलं काहीतरी लावून देते.’ ती म्हणाली, ‘चांगलंच असेल गं तुझं. पण साडेतीनला मावशीचा फोन येतो ना, तिला काय सांगू?’

तेव्हा मी हसले. हे वाक्य पुन्हा आठवलं ते ‘द डिसायपल’ दुसऱ्यांदा पाहताना. आई ती मालिका एकटी पाहतच नव्हती. सांगलीतली मावशी, पुण्यातली मामी आणि लायप्झिगमधली आई अशा तिघी मिळून पाहत होत्या. सुनेने काय करायला हवं होतं यावर रोज वीस मिनिटं वाद. त्या वीस मिनिटांत मावशीच्या गुडघ्यापासून मामीच्या घराच्या व्यवहारापर्यंत सगळं येऊन जायचं. माझ्या व्हेनिसवाल्या सिनेमाबद्दल मी कोणाशी बोलले? नवऱ्याशी थोडं, आणि आता तुमच्याशी.

याचा अर्थ मालिका आणि ‘द डिसायपल’ सारखेच, असं मी म्हणणार नाही. त्या मालिकेची पटकथा खरंच रद्दड आहे, आईलाही ते मान्य आहे. कलाकृती म्हणून काय चांगलं आणि वर्गणी म्हणून काय परवडतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मी पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर चिकटवत होते. शरद जे गाण्याचं करतो, तेच मी बँकेच्या स्टेटमेंटचं करत होते.

मग आम्ही काय ठरवलं? तुमच्या उपयोगाचं असेल म्हणून सांगते. गुन्हेगारी मालिकांसाठी वर्षभर पैसे द्यायचे नाहीत. बघायच्या गोष्टींची यादी फ्रिजवर लावायची, पाच-सहा जमल्या की एक महिना घ्यायचा आणि त्याच दिवशी क्युंडिगुंग करून टाकायचं. भरलेला महिना तसाही पूर्ण मिळतो. १ जुलै २०२२ पासून जर्मनीत ऑनलाइन घेतलेले असे करार रद्द करायचं बटण वेबसाइटवर देणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे पत्रं लिहीत बसावं लागत नाही. दरवाढीचा मेसेज आला की सवयीने ‘मान्य’ दाबायचं नाही, आधी वाचायचं. २०२५ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने नेटफ्लिक्सच्या जुन्या दरवाढी एका ग्राहकाच्या बाबतीत अवैध ठरवल्या. त्यातला मुद्दा हाच होता, की नुसत्या अशा क्लिकला खरी संमती म्हणायची का.

ज्या वर्गणीबद्दल दोघांनाही माहीत नव्हतं, ती त्याच संध्याकाळी बंद केली.

मराठी मालिकांची मात्र वर्षभर चालू ठेवली आहे. आई परत गेली, आता तिला तिच्या टीव्हीवर दिसतंच. पण दर रविवारी आमचा फोन असतो, आणि आधी ‘जेवलीस का, थंडी आहे का’ यानंतर दहा मिनिटांत आमचं बोलणं संपायचं. गेले दोन महिने मी शनिवारी दोन भाग बघून ठेवते. मागच्या रविवारी सासूची बाजू घेतली म्हणून आई माझ्यावर इतकी चिडली, की फोन पाऊण तास चालला.